पाहुणा वक्ता बोलून गेला, पुढे काय?

दुसरी_घंटा

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्या सेवा क्लबात कार्यक्रम समितीचं काम माझ्याकडे आलंय. महिन्याला दोन सभा, म्हणजे वर्षाला चोवीस. त्यातल्या निदान सोळा-सतरा सभांना बाहेरचा वक्ता हवाच, अशी सगळ्यांची अपेक्षा. मागच्या सभेनंतर मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

मृदाशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. दोन तास बसने आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत काचेच्या पाच बरण्या, प्रत्येकीत वेगळी माती. सभा साडेसहाची, सुरू झाली सातला. मग मागच्या सभेचं इतिवृत्त, वाढदिवसाच्या शुभेच्छा, तीन समित्यांचे अहवाल, पुढच्या महिन्याच्या सूचना आणि मग सरांचा परिचय. परिचय करून देणाऱ्याने त्यांच्या शोधनिबंधांची अख्खी यादी वाचली. सर उभे राहिले तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि सव्वाआठला सभा आटोपायची होती. त्यांनी एक बरणी उघडली. बाकीच्या चार तशाच पिशवीत परत गेल्या. बेचाळीस सभासदांपैकी आम्ही अकराजण हजर होतो.

निघताना मला म्हणाले, "बाई, वेळ कमी आहे हे आधी कळवलं असतं, तर एकच बरणी आणली असती." रागाने नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

तर विचारायचं असं, की वक्ते बोलवावेत का? बोलवायचे तर निवडायचे कसे? आणि मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट म्हणजे आमची व्याख्यानं एकीकडे आणि रक्तदान शिबिर, नेत्रतपासणी, झाडं लावणं हे सगळं दुसरीकडे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटतच नाही. तुमच्याकडे काय करतात?

टिपणवही

त्या चार बरण्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आमच्याकडेही असंच व्हायचं. आता आम्ही वक्त्याला पंधरा दिवस आधी एक पानी पत्र पाठवतो. श्रोते साधारण किती, कोणत्या वयाचे, त्यांना विषयाची कितपत माहिती आहे, बोलायला किती मिनिटं, प्रश्नांना किती, माईक आणि प्रोजेक्टर आहे की नाही, न्यायला कोण येणार, परत सोडायला कोण जाणार. आणि परिचय चार ओळींचा. तोही वक्त्याकडूनच मागवतो, "तुमच्याबद्दल आमच्या सभासदांना काय कळावंसं वाटतं?" असं विचारून. बहुतेक जण पदव्या लिहीतच नाहीत, काय काम करतात ते लिहितात.

दुसरं, वक्ता आधी. अहवाल, सूचना, वाढदिवस सगळं नंतर. पहिल्या महिन्यात ज्येष्ठ सभासद नाराज होते. आता कोणी काही बोलत नाही.

शांत_माईक

टिपणवही ताईंना अनुमोदन. त्यात माझी भर. मी आमच्या क्लबात ध्वनिव्यवस्था बघतो. सभेच्या अर्धा तास आधी वक्त्याला मंचावर उभं करा आणि शेवटच्या रांगेत बसून ऐका. पेन ड्राइव्ह उघडतो का ते तेव्हाच बघा. श्रोते वीस असतील आणि खुर्च्या साठ, तर चाळीस खुर्च्या आधीच उचला. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून बोलणं फार जड जातं हो.

वेळेसाठी टोस्टमास्टर्सची, म्हणजे भाषणकलेचा सराव करणाऱ्या क्लबांची पद्धत उत्तम. पाच ते सात मिनिटांचं भाषण असेल तर पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. आम्ही दिवे लावत नाही, तीन रंगांचे पुठ्ठे केलेत. पहिल्या रांगेतला एकजण मांडीवर धरून बसतो. वक्त्याला आधी सांगून ठेवलं की त्याचा अपमान वाटत नाही, उलट आधार वाटतो.

हळद_कुंपण

पुठ्ठे सूचना देणाऱ्यांनाही दाखवायचे का? आमच्याकडे खरी गरज तिथेच आहे :)

शांत_माईक

दाखवतो! परवा अध्यक्षांनाच लाल दाखवला. हसले आणि बसले.

कोपऱ्यातली_खुर्ची

छान विषय. थोडा रोटरी क्लबांचा इतिहास सांगतो, मला तो प्रिय आहे.

२३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघांना एकत्र बोलावलं. एक खाण-अभियंता, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. बैठक अभियंत्याच्या कचेरीत झाली. पुढे आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमायचं ठरलं आणि या फिरतीवरूनच रोटरी हे नाव पडलं. बाहेरचा वक्ता वगैरे काही नव्हतं. प्रत्येक जण आपल्या धंद्याबद्दल बोलायचा, बाकीचे ऐकायचे. सुरुवातीला हेतूही मैत्री आणि व्यवसायाला मदत एवढाच होता. सेवा नंतर आली. १९०७ पासून त्यांनी शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून खटपट केली, ते त्यांचं पहिलं लोकोपयोगी काम.

हे सांगण्याचं कारण असं, की बेचाळीस सभासद म्हणजे निदान तीस व्यवसाय. वक्ता शोधायला बाहेर कशाला जायचं? आमच्याकडे दर तिसऱ्या सभेला एक सभासद आपल्या कामावर बोलतो. गेल्या वर्षी आमच्यातले एक गृहस्थ लिफ्ट दुरुस्तीवर बोलले. तीस वर्षं त्यांना ओळखतो, पण लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर दार ओढून बाहेर उडी मारायची नाही, आत थांबणं जास्त सुरक्षित, हे त्या दिवशी कळलं. बाहेर पडताना लिफ्ट अचानक हलली तर काय होतं ते त्यांनी दोन खोकी घेऊन दाखवलं. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

बिनपाण्याचा_ढग

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

वक्ते बंद करा. वर्षभर सतरा व्याख्यानं ऐकून आमच्या क्लबात काहीही बदललं नाही. मधुमेहावर चार वेळा ऐकलं, ताणतणावावर पाच वेळा. ज्याला माहिती हवी त्याला ती घरबसल्या मिळते. सेवा क्लब ही व्याख्यानमाला नाही. महिन्याला दोनदा दीड तास, म्हणजे वर्षाला छत्तीस तास. ते एखाद्या शाळेत मुलांना वाचायला शिकवण्यात घालवले तर किती होईल! पोलिओ कोणाच्या भाषणाने हटला नाही. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये लसीकरण सुरू केलं, १९८५ मध्ये पोलिओप्लस ही जगभरची पोलिओ लसीकरण मोहीम हाती घेतली आणि मग हजारो कार्यकर्ते शीतपेट्या खांद्याला लावून दारोदार फिरले. त्यातून झालं ते.

दुसरी_घंटा, तुमच्या सरांबद्दल वाईट वाटलं. पण त्यांना पूर्ण चाळीस मिनिटं मिळाली असती, तरी दुसऱ्या दिवशी तुमच्या क्लबाने काय वेगळं केलं असतं?

दुसरी_घंटा

ढग दादा, प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्याकडे नाही. विचार करतेय.

पापणी

ढग यांचा मुद्दा कळतो, पण मान्य नाही.

लायन्स क्लब आज डोळ्यांच्या कामासाठी ओळखले जातात. ते कुठून आलं? एका पाहुण्या वक्त्याच्या भाषणातून. ३० जून १९२५ ला ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्सचं अधिवेशन होतं. तिथे अंध आणि बधिर लेखिका हेलन केलर बोलल्या. अंधाराविरुद्धच्या लढाईत तुम्ही अंधांचे शिलेदार व्हा, असं त्यांनी आवाहन केलं. भाषण छोटंसंच होतं. संघटना तेव्हा जेमतेम आठ वर्षांची. त्या दिवसापासून दृष्टी हे लायन्सचं मुख्य काम झालं, ते आजपर्यंत.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या माहिती द्यायला गेल्या नव्हत्या, मागायला गेल्या होत्या. समोरच्यांनी काय करायचं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

बिनपाण्याचा_ढग

मान्य. पण हेलन केलर आमच्या क्लबात येणार नाहीत, पापणी ताई. आम्हाला जो मिळतो तो येतो.

पापणी

मग जे मिळाले त्यांचंच सांगते. जरा लांबेल.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका नेत्रपेढीतल्या समुपदेशक आल्या होत्या. फार नावाजलेल्या वगैरे नाहीत. पर्समधून त्यांनी एक गजराचं घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "माणूस गेल्यावर आपल्याकडे सहा तास असतात." बुबुळाचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सहा तासांच्या आत काढावा लागतो. मग त्यांनी आमच्यातल्याच एका सभासदाला सतरंजीवर झोपवलं आणि घरच्यांनी काय करायचं ते करून दाखवलं. पापण्या मिटायच्या. त्यांवर ओला कापूस ठेवायचा. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करायचं. पंखा बंद करायचा, नाहीतर डोळे कोरडे पडतात. आणि नेत्रपेढीला फोन. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, वय नव्वद असलं, तरी फोन करायचा, चालतं की नाही ते तज्ज्ञ ठरवतील. चेहरा विद्रूप होत नाही.

आणि मग त्या म्हणाल्या, "आता सगळ्यांनी मोबाइल काढा." नेत्रपेढीचा नंबर त्यांनी फळ्यावर लिहिला आणि प्रत्येकाने तो साठवेपर्यंत त्या पुढे बोलल्याच नाहीत. एक आजोबा चाचपडत होते, त्यांच्या शेजारी जाऊन त्यांना करून दिला. एकूण बावीस मिनिटं.

अकरा महिन्यांनी आमच्या एका सभासदाची आई गेली. पहाटे तीनला. तो एरवी सभेत मागे बसून फोनवर असायचा. त्याने मला नंतर सांगितलं, "मला दुसरं काही सुचत नव्हतं. पंखा बंद कर, एवढंच आठवलं. पंखा बंद केला आणि मग बाकीचं आठवत गेलं." आईचे दोन्ही डोळे दिले गेले.

ढग, हे मला घरबसल्या व्हिडिओत मिळालं नसतं. त्यालाही नाही.

सावकाश

वाचून काटा आला अंगावर. आत्ता उठून नेत्रपेढीचा नंबर शोधला आणि साठवला.

टिपणवही

मीसुद्धा.

मोजपट्टी

पापणी, फार मोलाचं लिहिलंत.

मी रक्तदान शिबिरांचं काम बघतो. आमच्या क्लबाचा दर वर्धापनदिनाला मोठ्या शिबिराचा शिरस्ता होता. आदल्या वर्षीपेक्षा जास्त पिशव्या, हे एकच ध्येय. मग एका रक्तपेढीतल्या अधिकारी बाईंना बोलावलं. आम्हाला वाटलं रक्तदानाचं महत्त्व सांगतील. त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, ३५ आणि ५. लाल पेशी शीतकपाटात ३५ दिवस टिकतात, विशेष द्रावण घातलं तर ४२. प्लेटलेट मात्र जेमतेम पाच दिवस, त्याही साध्या खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या फळीवर ठेवलेल्या. मग त्यांनी आम्हाला विचारलं, "तुम्ही एका दिवशी तीनशे पिशव्या देता. त्याच आठवड्यात शेजारचे दोन क्लबही देतात. दीड महिन्याने सुट्ट्या लागतात, कॉलेजं बंद, शिबिरं बंद, तेव्हा मी रक्त कुठून आणू?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्या वर्षीपासून आम्ही मोठं शिबिर सोडलं. वर्षाला आठ छोटी शिबिरं, प्रत्येकी तीस-चाळीस दात्यांची, तारखा रक्तपेढी ठरवते. बॅनर छोटा झाला, बातमीही येत नाही. पण मला हे काम आधीच्यापेक्षा जास्त खरं वाटतं.

आणखी एक. हिमोग्लोबिन कमी म्हणून शिबिरातून परत जाणाऱ्यांत तरुण मुली खूप असतात. पूर्वी त्यांना नुसतं "आज नाही चालणार" सांगून पाठवायचो. आता त्यांच्या हातात आकडा लिहिलेली चिठ्ठी देतो आणि डॉक्टरांना दाखवा म्हणतो. हेही त्याच बाईंचं सांगणं.

बिनपाण्याचा_ढग

मोजपट्टी आणि पापणी, तुमचे दोन्ही वक्ते प्रत्यक्ष काम करणारे होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडे येतात ते प्रेरणादायी वक्ते. माझा विरोध त्यांना आहे, असं आता लक्षात येतंय.

रानवाटेवर

मी प्रेरणादायी वक्त्यांच्या बाजूने बोलते. आमच्याकडे एक गिर्यारोहक आली होती. तिने कुठलाही उपक्रम सुचवला नाही, काही मागितलं नाही. पण माझी सोळा वर्षांची मुलगी सोबत होती, ती त्या रात्री दीडपर्यंत बोलत होती माझ्याशी. प्रत्येक सभेतून काम निघालंच पाहिजे असा आग्रह धरू नका. माणसं दिवसभर राबून येतात, एखादी संध्याकाळ नुसती आनंदाची असू दे.

कोपऱ्यातली_खुर्ची

रानवाटेवर यांचं पटलं. पण मग त्या संध्याकाळी कुटुंबीयांना, शाळकरी मुलांना बोलवा. अकरा जणांपुरता तो आनंद कशाला?

उंबरठा

विषय थोडा वेगळा, पण विचारतेच. निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराला वक्ता म्हणून बोलवावं असा आमच्यातल्या काहींचा आग्रह आहे. "गर्दी होईल" म्हणतात. काय करावं?

कोपऱ्यातली_खुर्ची

मुळीच नको. लायन्सच्या उद्दिष्टांतच लिहिलंय की लोकहिताच्या सर्व विषयांवर खुली चर्चा व्हावी, पण पक्षीय राजकारण आणि सांप्रदायिक धर्म यांवर सभासदांनी वाद घालू नये. रोटरी क्लबही कुठल्या उमेदवाराला पाठिंबा देत नाहीत. नियम बाजूला ठेवला तरी उद्या तुम्ही आरोग्य शिबिर भरवाल, तेव्हा दुसऱ्या पक्षाच्या घरातली म्हातारी तिथे येताना बिचकेल. ते नुकसान गर्दीने भरून निघत नाही. पाणीपुरवठ्याचा अभियंता, अग्निशमन दलाचा अधिकारी यांना जरूर बोलवा. त्यांच्याकडे सगळ्यांसाठी सांगण्यासारखं असतं.

मोजपट्टी

यातच एक भर. विकायला येणाऱ्यांपासून सावध राहा. आमच्याकडे "आर्थिक साक्षरता" या विषयावर एकजण आला. व्याख्यान पंधरा मिनिटं, मग प्रत्येक खुर्चीवर फॉर्म. आमच्या एका विधवा सभासदाने त्याच्या सांगण्यावरून बचत गुंतवली आणि तिला फार मनस्ताप झाला. तिने तो माणूस क्लबाच्या व्यासपीठावर होता म्हणून विश्वास ठेवला होता. तेव्हापासून लेखी नियम आहे. पत्रकं नाहीत, फॉर्म नाहीत, सभासदांची यादी कोणालाही द्यायची नाही. वक्त्याला पाठवायच्या पत्रात हे ठळक लिहा.

टिपणवही

नोंद करून घेतलं. आमच्या पत्रात हे नव्हतं.

पापणी

अवांतर, पण मनात आहे ते लिहिते. १९२५ ला एका बाईच्या भाषणाने लायन्सचा मार्ग ठरला आणि स्त्रियांना सर्वसाधारण सभासदत्व खुलं झालं १९८७ ला. बासष्ट वर्षांनी! रोटरीत १९८९ ला, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल दिल्यावर. इनर व्हील ही स्त्रियांची संघटना मात्र १९२४ पासूनच काम करत होती. म्हणजे व्यासपीठावर चालेल, सभासद म्हणून नाही, असा तो काळ. आपल्या वक्त्यांची गेल्या दोन वर्षांची यादी काढून बघा. किती स्त्रिया? किती तिशीच्या आतले? किती जण हाताने काम करणारे? आमची यादी बघून मला वाईट वाटलं होतं. एकोणीसपैकी सोळा निवृत्त पुरुष अधिकारी.

हळद_कुंपण

आत्ताच आमची यादी काढली. चौदापैकी तेरा. उद्याच्या बैठकीत हाच पहिला विषय.

पांढरा_कोट_नाही

सदस्य जुना आहे, पण लिहितो क्वचित. मी या धाग्यातली दुसरी बाजू आहे, म्हणजे मी वक्ता म्हणून जातो. फिजिओथेरपिस्ट आहे, पक्षाघात झालेल्यांबरोबर काम करतो. गेल्या बारा वर्षांत पस्तीसेक क्लबांत बोललो असेन.

वक्त्याला काय हवं असतं ते सांगतो. मानधन मी घेत नाही, पण प्रवासखर्च न मागता दिला की बरं वाटतं, आणि तरुण वक्त्यांच्या बाबतीत तर तो विचारायची वेळच येऊ देऊ नये. स्मृतिचिन्हं नकोत. माझ्याकडे एक अख्खं कपाट भरलंय, सगळ्यांवर क्लबाचं नाव मोठं आणि माझं छोटं. काही ठिकाणी तेही चुकलेलं.

एक पत्र मात्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. मी प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट शिकवतो. पक्षाघात ओळखायचा तर तीन गोष्टी बघा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओघळतं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? एक साधं वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का? यातलं एक जरी दिसलं तरी वेळ बघा आणि लगेच मोठ्या रुग्णालयात. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही तपासणीनंतर, त्यामुळे "झोपलं की बरं वाटेल" म्हणायचं नाही. श्रोत्यांना जोड्या करून एकमेकांवर हे करायला लावतो. आधी हसतात, मग गंभीर होतात.

तर एका क्लबातून दोन वर्षांनी पोस्टकार्ड आलं. "वडिलांना हसायला सांगितलं. ओठ डावीकडे ओघळला होता. तासाभरात पोहोचलो. ते आज स्वतःच्या हाताने दाढी करतात." खाली सही. बस.

पस्तीस क्लबांपैकी असं कळवणारा हा एकच. बाकीच्या ठिकाणीही कदाचित काही झालं असेल. कळवा हो वक्त्याला. चार ओळी लिहा, वर्षाने लिहा, पण लिहा. माणूस कुठल्या बळावर पुढच्या ठिकाणी जातो असं तुम्हाला वाटतं?

दुसरी_घंटा

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

सावकाश

"ते आज स्वतःच्या हाताने दाढी करतात" इथे थांबलो थोडा वेळ. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हाला हे माहीत नव्हतं.

पांढरा_कोट_नाही

सावकाश, तुम्हाला माहीत नव्हतं यात तुमचा दोष नाही. म्हणूनच जातो मी.

पापणी

दादा, आमच्या त्या समुपदेशकांना आम्ही पहाटेच्या फोनबद्दल कधी कळवलंच नाही. नेत्रपेढीत त्यांना समजलं असेल असं गृहीत धरलं. आज पत्र लिहिते.

रानवाटेवर

झाडं लावण्यावर कोणीच बोललं नाही, तर मी बोलते. आमच्या क्लबाने सलग चार वर्षं एकाच टेकाडावर झाडं लावली. शब्दशः एकाच जागी, कारण आदल्या वर्षीची जगलेली नसायची. शेवटी वनस्पतिशास्त्राच्या एका शिक्षिकेला बोलावलं. त्या सभागृहात बोलायला तयार नव्हत्या, टेकाडावर या म्हणाल्या. तिथे त्यांनी आम्हाला मेलेलं एक रोप उपटायला लावलं. मुळांवर काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच! घाईत कोणीतरी पिशवीसकट पुरलं होतं. मुळं आतल्या आत गोल गोल फिरून गुदमरली होती. तो क्षण मी विसरणार नाही. मीही त्या दिवशी तिथे रोपं लावत होते, माझ्याच हातचं असेल कदाचित.

त्या वर्षी पाचशेऐवजी चाळीस रोपं लावली. प्रत्येक रोपाला दोन पालक, पहिली तीन वर्षं पाण्याची पाळी. छत्तीस जगलीत.

बिनपाण्याचा_ढग

सभागृहाबाहेर व्याख्यान, हे मला आवडलं. मनापासून.

उंबरठा

इतक्या सभा घ्यायलाच हव्यात का, हेही बघा. रोटरीने २०१६ साली नियम सैल केले, आठवड्याला सभा घ्यायची सक्ती उरली नाही, महिन्यातून किमान दोन पुरतात. त्यातली एक सभागृहात आणि एक कामाच्या जागी, असं करता येईल. वक्ता कामाच्या जागीच बोलेल.

दुसरी_घंटा

मंडळी, दहा दिवसांनी परत येतेय. तुमचे सगळे प्रतिसाद छापून समितीच्या बैठकीत नेले होते. वक्ता आधी आणि अहवाल नंतर, हे मंजूर झालं. चार ओळींचा परिचयही झाला. मोजपट्टी यांचा नियम शब्दाला शब्द घेतला. वर्षाला सतरा वक्ते हा हट्ट सोडला, नऊ ठरवलेत. त्यातले पाच आमच्या चालू कामांशी जोडलेले, दोन आमचेच सभासद, दोन नुसत्या आनंदाचे. रानवाटेवर, ते दोन तुमच्यामुळे.

आणि मी प्राध्यापक सरांना पत्र लिहिलं. ईमेल नाही, हाताने. झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली आणि उरलेल्या चार बरण्या बघायच्या आहेत असं लिहिलं. वाटलं होतं उत्तर येणार नाही. आठव्या दिवशी फोन आला. म्हणाले, "येतो. पण बरण्या आणणार नाही. ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन असतो, त्या दिवशी ठेवा. प्रत्येकाने आपल्या अंगणातली, शेतातली, शाळेच्या आवारातली माती आणायची. मी तुमच्या मातीबद्दल बोलेन." शाळेतल्या मुलांनाही बोलवा म्हणाले. बेचाळीसपैकी एकतीस सभासदांनी आत्ताच नाव दिलंय. न्यायला आणि सोडायला मी स्वतः जाणार आहे.

शांत_माईक

वा! मुलं असतील तर टेबलं बुटकी ठेवा, आणि सरांना कॉलरचा माईक द्या. दोन्ही हात मोकळे लागतील.

हळद_कुंपण

माती कशी आणायची ते सांगितलंय का सरांनी? आमच्या क्लबातही करावंसं वाटतंय.

दुसरी_घंटा

हो, फोनवर लिहून घेतलं. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, साधारण १५ सेंटिमीटर खोल. त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यायची. अशी सात-आठ जागची माती एकत्र कालवायची, गोल पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत असंच. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. झाडाखालची, बांधाजवळची, खताच्या ढिगाजवळची घ्यायची नाही. आणि चिठ्ठीवर जागेचं नाव. चिठ्ठी पिशवीच्या आत नको, ओलीने शाई पसरते.

बिनपाण्याचा_ढग

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. कुंड्या आहेत, अकरा. त्यातली माती चालेल का? सरांना विचाराल?

दुसरी_घंटा

विचारते, ढग दादा. आणि तुम्ही स्वतःच या ना घेऊन.